विशेषनामे व कॅपिटल अक्षरे, इंग्रजीतील

इंग्रजी लेखनात व्यक्ती, स्थळ, संस्था, वार, महिना, भाषा इत्यादींची नावे मोठ्या म्हणजे कॅपिटल आद्याक्षराने लिहिण्याचा संकेत, तसेच अशी नावे ओळखण्याच्या व्याकरणातील कसोट्या. विशेषनाम ही मुळात तर्कशास्त्राची व व्याकरणाची कोटी (वर्ग) आहे. कॅपिटल ही लेखनिकांची आणि पुढे छापखान्याची रूढी. शालेय पुस्तके दोहोंची सांगड पक्की असल्याचे धरून चालतात. ती तशी नाही, आणि नियमांतले बहुतेक अपवाद त्यातूनच निघाले आहेत.

कोटीचा उगम : इ. स. पू. तिसऱ्या शतकातील स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिप्पस याच्या परंपरेत विशेषनाम व सामान्यनाम हे शब्दांचे दोन स्वतंत्र वर्ग मानले जात. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात (इ. स. पू. सु. १००) मात्र ते एकाच नामवर्गाचे पोटभेद ठरतात. या ग्रंथाचा बराच भाग उत्तरकालीन असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे हा बदल नेमका केव्हा झाला हे सांगताना सावध राहिलेले बरे. डोनेटस व प्रिशियन या लॅटिन वैयाकरणांनी पोटभेदाचीच व्यवस्था पुढे चालवली आणि इंग्रजी व्याकरणांनी ती तिथून उचलली.

भारतीय परंपरेत पतंजलीने महाभाष्यात जातिशब्द, गुणशब्द व क्रियाशब्द यांच्या जोडीला चौथा यदृच्छाशब्द सांगितला आहे. बोलणाऱ्याने आपल्या मर्जीने ठेवलेले, अर्थाचा आधार नसलेले नाव, असे त्याचे स्वरूप. ‘डित्थ’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये मांडलेली भूमिका याच्या बरीच जवळ जाते. त्याच्या मते विशेषनाम वस्तूचा निर्देश करते, तिच्या गुणांविषयी काही सांगत नाही. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी आहे म्हणून त्याला ते नाव पडले. पण उद्या नदीचे मुख सरकले तरी गावाचे नाव बदलावे लागणार नाही. फ्रेग (१८९२) आणि रसेल (१९०५) या तत्त्वज्ञांनी या मताला वेगवेगळ्या बाजूंनी आव्हान दिले. सॉल क्रिप्कीच्या १९७० च्या प्रिन्स्टन व्याख्यानांनंतर ते पुन्हा प्रतिष्ठित झाले. व्याकरणाच्या कामापुरते मिलचे मत पुरेसे आहे.

वैयाकरणांना अधिक उपयोगी पडलेला भेद रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणात काटेकोरपणे मांडलेला आढळतो. ‘मँचेस्टर’ हा एक शब्द विशेषनाम आहे. ‘युनिव्हर्सिटी ऑफ मँचेस्टर’ हे संपूर्ण पद संस्थेचे नाव आहे, पण त्यातील ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द सामान्यनामच राहतो. कॅपिटल अक्षर मिळते ते नावाला, आणि नावातला शब्द विशेषनाम असलाच पाहिजे असे नाही. हे ध्यानात न घेतल्यास ‘युनिव्हर्सिटी’ एकदा मोठ्या व एकदा लहान अक्षराने का, हा प्रश्न सुटत नाही.

ओळखण्याच्या कसोट्या : विशेषनामाआधी उपपद येत नाही व त्याचे अनेकवचन होत नाही, या दोन कसोट्या सर्रास दिल्या जातात. दोन्ही ढिल्या आहेत. नद्या, पर्वतरांगा व महासागर यांच्या नावांआधी ‘द’ लागतेच (द थेम्स, द आल्प्स). एका वर्गात दोन अनिता असू शकतात, आणि ‘दर रविवारी’ या अर्थी ‘सन्डे’चे अनेकवचन होते. उलट ‘इंडियन’, ‘व्हिक्टोरियन’ ही विशेषणे असूनही कॅपिटल घेतात. फ्रेंच व स्पॅनिश भाषांत अशी विशेषणे, तसेच वार व महिने लहान अक्षरानेच लिहितात. इंग्रजीत ऋतूंना मात्र लहान अक्षर. महिन्याला मोठे आणि ऋतूला लहान, यामागे तर्क शोधण्यात अर्थ नाही. ती रूढी आहे.

अक्षराचा इतिहास : रोमन शिलालेखांची अक्षरे, उदा., इ. स. ११३ मधील ट्रेजनच्या स्तंभावरील लेख, एकाच आकाराच्या जातीची आहेत. लहान अक्षरे हस्तलिखितांच्या जलद लेखनातून घडत गेली आणि आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात कॅरोलिंजियन वळण स्थिरावले. त्याचे श्रेय पूर्वी तूरचा मठाधिपती अल्क्विन यास देत. कॉर्बी येथील त्याआधीची हस्तलिखिते पाहता त्याचा वाटा प्रसाराचा असावा, निर्मितीचा नव्हे. मोठे व लहान अक्षर एकाच लिपीचे दोन थर म्हणून पद्धतशीरपणे एकत्र आले ते इ. स. १४०० च्या सुमारास, पॉज्जो ब्राच्चोलीनी प्रभृती फ्लॉरेन्सच्या मानवतावादी लेखनिकांच्या हातून. छपाईत खिळ्यांचे दोन खण असत. जुळारी (खिळे जुळवणारा कामगार) मोठी अक्षरे वरच्या खणात व लहान खालच्या खणात ठेवी. ‘अपर केस’, ‘लोअर केस’ ही नावे तेथून आली. जोसेफ मॉक्सन याच्या १६८३ च्या मुद्रणविषयक ग्रंथात ही मांडणी वर्णिलेली आहे.

इंग्रजीत या अक्षरांचा वापर कोठे करावा, याचे जुने मार्गदर्शन जॉन हार्ट (१५६९) याचे आहे. वाक्यारंभ, विशेषनाम आणि महत्त्वाचे सामान्यनाम या तीन जागा त्याने सांगितल्या. तिसऱ्या जागेने पुढे घोटाळा केला. महत्त्वाचे म्हणजे कोणते, हे ज्याचे त्याने ठरवायचे असल्याने सतराव्या शतकात पदव्या, संबोधने, निसर्ग वा सद्गुण यांसारखी मानवीकरण केलेली नामे आणि अखेर जवळजवळ प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने छापले जाऊ लागले. या रूढीची परमोच्च अवस्था केव्हा, याविषयी एकमत नाही. एन. ई. ऑसेल्टन यांच्या पाहणीनुसार ती अठराव्या शतकाच्या मध्याकडे असावी व त्यानंतरची घसरण झपाट्याची होती. ती सतराव्या शतकाच्या अखेरीस नेणाऱ्या जुन्या मतापेक्षा हे मत अधिक ग्राह्य वाटते.

संक्रमणकाळाचा चांगला नमुना अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सापडतो. जीवित, स्वातंत्र्य व सुखाचा शोध या प्रसिद्ध त्रयीतील नामे जेफरसनच्या मसुद्यात लहान अक्षरांनी आहेत. ४ जुलैच्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅपने छापलेल्या पत्रकात चारही नामांना कॅपिटल मिळाले. त्यानंतर चर्मपत्रावर सुवाच्य नक्कल झाली, तीत जीवित, स्वातंत्र्य व सुख मोठ्या अक्षराने आले आणि ‘शोध’ तेवढा लहान राहिला. मजकूर एक, पण लेखक, मुद्रक व लेखनिक यांची सवय तीन तऱ्हेची.

स्वतः मुद्रक असलेल्या बेंजामिन फ्रँक्लिनने २६ डिसेंबर १७८९ रोजी नोआ वेब्स्टरला लिहिलेल्या पत्रात ही पद्धत लोपल्याबद्दल खंत व्यक्त केली. ओळ एकसारखी दिसावी या हौसेपायी नाम चटकन ओळखण्याची सोय गेली, असे त्याचे म्हणणे. जर्मन ही इंग्रजीची जननी आणि मोठ्या अक्षरांची रूढी तिच्याकडून आलेली, असेही तो लिहितो. पहिले विधान चुकीचे आहे, दुसऱ्याला पुरावा तोकडा आहे. लिंडली मरीच्या १७९५ च्या व्याकरणात ही पद्धत त्रासाची व पान गर्दीचे दिसायला लावणारी म्हणून सोडून दिल्याची नोंद येते. आजची नियमावली साधारणपणे तेथपासूनची आहे. जर्मनमध्ये सर्व नामे आजही मोठ्या अक्षराने लिहितात. डॅनिशने ही पद्धत १९४८ मध्ये टाकली.

प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनामाचे (‘आय’, म्हणजे ‘मी’) कॅपिटल याच्याशी जोडू नये. ते विशेषनाम नाही. मध्ययुगीन इंग्रजीत मूळ रूप झिजून एकच किरकोळ अक्षर उरले व हस्तलिखितात ते हरवू नये म्हणून उंच लिहिले जाऊ लागले, हे स्पष्टीकरण सामान्यतः स्वीकारले जाते. इंग्रजांच्या अहंकाराची त्यावरून केली जाणारी चर्चा मनोरंजक आहे, इतकेच.

वादाच्या जागा : पदनाम नावाआधी आले तर मोठे, एकटे आले तर बहुधा लहान, वृत्तपत्रांचा कल उत्तरोत्तर लहान अक्षरांकडे आहे. नातेवाचक शब्द हाक म्हणून आला तर मोठा, ‘माझी आई’ असा आला तर लहान. व्यक्तिनामावरून आलेला शब्द रुळला की कॅपिटल गळते : आयर्लंडमधील कॅप्टन बॉयकॉट याच्यावर १८८० मध्ये टाकलेल्या बहिष्कारावरून आलेला शब्द आता लहान अक्षराने लिहितात. न्यूटन, वॅट ही एककांची नावे लहान अक्षराने, पण त्यांची चिन्हे मोठ्या अक्षराने. ‘सेल्सिअस’ला मात्र मोठे अक्षर कायम. आंब्याच्या शास्त्रीय नावात ‘मँजिफेरा’ मोठ्या अक्षराने आणि भारतावरून आलेले ‘इंडिका’ लहान अक्षराने येते. व्यापारचिन्हांच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयात जातो : अमेरिकेत ‘एस्कलेटर’ हे नाव १९५० मध्ये ओटिस कंपनीच्या हातून गेले आणि सामान्यनाम झाले. असोसिएटेड प्रेसने १ जून २०१६ पासून ‘इंटरनेट’ला लहान अक्षर लावले.

कॅपिटल हा मानाचा प्रश्नही होऊ शकतो. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९९ मध्येच ‘नीग्रो’ हा शब्द मोठ्या अक्षराने छापला, कारण ऐंशी लाख अमेरिकनांचा त्यावर हक्क आहे असे ते मानत. न्यूयॉर्क टाइम्सने ते मार्च १९३० मध्ये मान्य केले. ‘ब्लॅक’ या शब्दाबाबत तोच निर्णय असोसिएटेड प्रेसने जून २०२० मध्ये घेतला.

मराठीच्या संदर्भात : देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही. मराठीत विशेषनामाची खूण थोडीफार विभक्तीत दिसते : घोडा–घोड्याला, पण गोविंदा–गोविंदाला. सीता–सीतेला हे जुने वळण आहे, आजची स्मिता मात्र ‘स्मिताला’ अशी राहते. ग्रामनामांना ही सूट नाही (पुणे–पुण्याला). वृत्तपत्रांची नावे छापताना एकेरी अवतरणचिन्हे वापरतात, नाहीतर ‘केसरी’ वाचला की पाहिला असा प्रश्न पडेल. मराठी माध्यमातील विद्यार्थी वार, महिने व भाषा लहान अक्षराने लिहितात, आणि शिक्षक, डॉक्टर अशा शब्दांना आदरापोटी कॅपिटल देतात.

संगणकाने मजकुरातील नावे ओळखण्याचे काम १९९५ च्या एका अमेरिकी परिषदेत स्वतंत्र कार्य म्हणून मांडले गेले. इंग्रजीत त्यासाठी कॅपिटल हा मोठा आधार ठरतो, जरी सर्व-कॅपिटल मथळ्यांत तो निकामी होतो. मराठीत नावांच्या याद्या, ‘राव’, ‘बाई’, ‘पूर’, ‘वाडी’ यांसारखे अंत्यघटक व आजूबाजूचे शब्द यांवर भिस्त ठेवावी लागते. आकाश, सागर, प्रगती अशा नावांत याद्या व अंत्यघटक दोन्ही कामी येत नाहीत.