हिरडी दुखत का नाही?

‘तुमच्या तोंडाचं आरोग्य कसं आहे असं तुम्हाला वाटतं? उत्तम, चांगलं, ठीक की वाईट?’ दातांच्या पाहण्यांमध्ये हा प्रश्न जगभर विचारला जातो. उत्तर देताना कुणी आरशासमोर जाऊन आ करत नाही. काही ठणकतंय का आणि हसताना दात बरे दिसतात का, एवढं मनाशी चाचपायचं आणि ‘चांगलं’वर खूण करून मोकळं व्हायचं.

दंतवैद्यक शिकणाऱ्या मुलामुलींनी तरी याहून शहाणं असावं, अशी अपेक्षा असते. म्हणून त्यांच्याकडून आधी प्रश्नावली भरून घ्यायची, मग त्यांनाच खुर्चीत बसवून आरसा आणि प्रोब (हिरडीच्या कडेने फिरवायची बारीक सळई) घेऊन तपासायचं आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांडायचे, अशा धर्तीचे अभ्यास अनेक देशांत होत असतात. हिरोशिमा विद्यापीठाच्या माकोतो कावामुरांनी दातांची निगा आणि सवयी यांविषयी तयार केलेली २० विधानांची प्रश्नावली या कामात बरीच वापरली जाते. प्रत्येक विधानाला फक्त हो किंवा नाही म्हणायचं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तीत पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षा सहसा जास्त गुण पडतात. शिकवलेलं वाया जात नाही म्हणायचं! पण स्वतःच्या हिरडीत या घडीला काय चाललंय ते कळणं, ही निराळीच गोष्ट आहे.

डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या रॉयल डेंटल कॉलेजात झालेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी हिरड्यांची माणसं घेतली. त्यांत ९ जण दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. सगळ्यांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. दातांवरच्या थरातली जिवाणूंची वस्तीही बदलत गेली. सुरुवातीला बहुतेक गोल जिवाणू होते, मग लांब तंतूंसारखे आले आणि शेवटी वळवळणारे, मळसूत्री आकाराचे. पुन्हा ब्रश सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. दंतवैद्यकाचे विद्यार्थी म्हणून कुणाच्या हिरडीने सवलत दिली नाही.

हिरडीची ही सूज सहसा दुखत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते, निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर खोल. जिवाणूंचा थर तिच्या काठावर साचला की शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं. केशवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव पाझरतो. खाचेच्या आतल्या बाजूचं अस्तर पातळ होतं, जागोजागी फाटतं. आता दाताच्या आतल्या मगजाशी याची तुलना करून बघा. मगजही सुजतो, तिथेही द्रव पाझरतो, पण चहूबाजूंनी टणक भिंती असल्यामुळे द्रवाला जायला वाट नसते. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा आत दाब चढतो आणि माणूस रात्रभर गाल धरून बसतो. हिरडीच्या खाचेला तोंड उघडं असतं. पाझरलेला द्रव लाळेत मिसळून निघून जातो, त्यामुळे दाब साठत नाही आणि ठणकाही लागत नाही. दाताच्या वरच्या कवचाचंही असंच आहे. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नाहीत की नस नाही. थरातला पीएच (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या आसपास किंवा त्याखाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं, आणि कीड आतल्या डेंटिनपर्यंत पोहोचेपर्यंत दाताच्या मालकाला सहसा पत्ताही लागत नाही.

बियांची धुरी देऊन दाढेतले ‘किडे’ पाडून दाखवणारे याच अज्ञानावर पोट भरतात. दाढेत अळ्या नसतात, भाजलेल्या बियांमधून बाहेर पडलेले कोंब मात्र अळ्यांसारखे दिसतात. आणि ‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात’ हे तर शिकल्या-सवरल्या घरांतही ऐकू येतं. अहो, दात आधीच सैल झालेला असतो. कीटणाने त्याला धरून ठेवलेलं असतं, इतकंच.

आता आकडे. ते नीट वाचले नाहीत तर असे अभ्यास भलतंच सांगतात. समजण्यासाठी १०० विद्यार्थी कल्पू या. ‘माझ्या हिरड्यांतून रक्त येतं’ असं २० जण म्हणाले, ८० जण ‘नाही’ म्हणाले. प्रोब फिरवल्यावर ६० जणांच्या हिरड्यांतून रक्त आलं. ‘हो’ म्हणणाऱ्या २० पैकी १६ जणांचं खरं निघालं आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या ८० पैकी ३६ जणांचं. १६ अधिक ३६, म्हणजे ५२ टक्के वेळा उत्तर आणि तपासणी जुळली. निम्म्याहून जास्त, बरंच की! पण थांबा. डोळे मिटून उत्तरं वाटली असती तरी काही जुळलीच असती. ‘हो’चे २० टक्के गुणिले रक्त आलेले ६० टक्के म्हणजे १२, आणि ‘नाही’चे ८० टक्के गुणिले रक्त न आलेले ४० टक्के म्हणजे ३२. नुसत्या योगायोगाने ४४ जुळली असती. योगायोगाच्या वर कमाई फक्त ८ची, आणि कमावता आली असती १०० वजा ४४, म्हणजे ५६. ८ भागिले ५६ केलं की ०.१४ येतं. याला कोहेनचा कप्पा (कप्पा हे एक ग्रीक अक्षर) म्हणतात. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने तो १९६० साली मांडला. कप्पा १ आला तर पूर्ण जुळणी, शून्य आला तर निव्वळ योगायोग. ०.१४ म्हणजे जवळपास काहीच नाही.

आणखी एक गंमत बघा. ‘रक्त येतं’ म्हणणाऱ्यांपैकी ८० टक्के बरोबर निघाले, ‘येत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी जेमतेम ४५ टक्के. हे आकडे माझे, कल्पित, पण प्रत्यक्ष पाहण्यांतही हिरडीच्या आजाराबाबत साधारण हाच कल दिसतो. तक्रार करणाऱ्याचं बरेचदा खरं असतं, तक्रार नसलेल्याचा भरवसा नाही. आपले किती दात शिल्लक आहेत, कितींत सिमेंट-चांदी भरली आहे, हे मात्र लोक बऱ्यापैकी अचूक सांगतात. सिगारेट ओढणाऱ्याला तर त्याची हिरडीच फसवते, कारण धूम्रपान करणाऱ्यांच्या आजारी हिरड्यांतूनही रक्त कमी येतं. आपल्याकडे मिश्री लावून दात स्वच्छ झाल्याचं समाधान मिळतं, ते तंबाखूतल्या निकोटिनचं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर मिश्री भाजणाऱ्या घराला ती कुठून लागू होणार?

तपासणाराही काही देव नसतो. एकाच तोंडात दोन दंतवैद्यांना वेगवेगळं दिसू शकतं. म्हणून अभ्यासाआधी त्यांचा हात आणि नजर जुळवून घेतात, त्यांच्यातलाही कप्पा काढतात आणि तो ०.८च्या पुढे असावा असं पाहतात. शिवाय घास नीट चावता येतो का, चारचौघांत हसायला संकोच वाटतो का, हे प्रोबला कळत नाही. ते ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. त्यासाठी १४ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे.

प्रश्न बदलला की उत्तरही सुधारतं. अमेरिकेत हिरड्यांच्या गंभीर आजाराची पाहणी करण्यासाठी जे प्रश्न तयार केले, त्यांत ‘दाताभोवतीचं हाड झिजलंय असं दंतवैद्याने तुम्हाला कधी सांगितलं आहे का?’ असा एक प्रश्न आहे. इथे ‘वाटतं’चा प्रश्नच येत नाही, आठवायचं तेवढं असतं. उत्तरांना वय आणि धूम्रपानाची जोड दिली की अंदाज बराच जवळ येतो. पण बीडीएसच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना हे विचारून उपयोग नाही. त्या वयात हाडाची झीज क्वचितच झालेली असते आणि हिरडीत प्रोब घालून बघणारा त्यांना बहुधा अजून भेटलेला नसतो. त्यांच्यासाठी वर्गातच दातांवरचा जिवाणूंचा थर रंगवणारी गोळी चघळायला द्यावी, एकमेकांच्या दातांवर उमटलेला लाल थर बघू द्यावा आणि ‘उत्तम, चांगलं, ठीक की वाईट’चा कागद त्यानंतर वाटावा.