छातीतल्या पाण्याचं एएनए: रिपोर्ट हातात घेण्याआधी

छातीत साचलेलं पाणी तपासायला दिलं आहे आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एएनए’ही लिहिलं आहे. अशा वेळी आम्हाला हमखास विचारलं जातं, “पॉझिटिव्ह आलं म्हणजे ल्युपसच ना?” तसं नाही.

हे पाणी फुप्फुसाच्या आत नसतं. फुप्फुसाभोवती दोन पातळ आवरणं असतात, त्यांच्यामधल्या फटीत ते साचतं. ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि पेशीकेंद्रातल्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. एएनए तपासणी शोधते ती हीच प्रतिपिंडं. या आजारात आवरणांना सूज आली की खोल श्वास घेताना छातीत टोचतं आणि पाणी साचतं, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना.

रिपोर्टवर १:८० किंवा १:१६० असा आकडा दिसेल, त्याला टायटर म्हणतात. १:१६० म्हणजे नमुना १६० पट पातळ केला तरी प्रतिपिंडं दिसत होती. आता खरी मेख. पाण्यातलं टायटर रक्ताइतकं किंवा त्याहून जास्त असलं की ल्युपसकडे बोट दाखवलं जाई. पुढे लक्षात आलं की पाण्यात बहुधा रक्तातलंच एएनए झिरपलेलं दिसतं आणि कर्करोगामुळे साचलेल्या पाण्यातही ते सापडतं. काही निरोगी माणसांच्या रक्तातही थोडं एएनए असतंच. त्यामुळे रक्ताचं एएनए केलेलं नसेल तर आधी ते करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. नुसत्या पाण्याच्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही.

निगेटिव्ह रिपोर्ट उलट जास्त कामाचा. पाण्यात एएनए नसेल तर ते ल्युपसमुळे साचलं असण्याची शक्यता बरीच कमी होते आणि डॉक्टर क्षयरोग, न्यूमोनिया, कर्करोग, हृदयविकार अशा कारणांकडे वळतात. क्षयासाठी त्याच पाण्यात एडीए नावाच्या विकराचं (एन्झाइमचं) प्रमाण तपासतात.

क्वचित सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात ‘एलई पेशी’ दिसतात: दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेली पांढरी पेशी. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अस्थिमज्जेच्या नमुन्यांत तिचं वर्णन झालं. मुद्दाम शोधायची पद्धत आता मागे पडली, पण पाण्यात ती दिसली तर ल्युपसचा तो भक्कम पुरावा धरतात.

निदान डॉक्टर एकंदर चित्रावरून करतात. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांत एएनए किमान १:८० असणं ही फक्त प्रवेशाची अट आहे. त्यापुढे छातीतल्या पाण्याला ५ गुण, डीएस-डीएनए किंवा स्मिथ या ल्युपसमध्ये खास सापडणाऱ्या प्रतिपिंडांना ६ गुण, आणि एकूण १० गुण लागतात. हे निकष मुख्यतः संशोधनासाठी आहेत, घरी बेरीज करण्यासाठी नाहीत.

नमुना देताना चालू आणि नुकत्याच थांबवलेल्या औषधांची यादी जरूर द्या. हायड्रॅलाझिन, प्रोकेनामाइड आणि क्षयावरचं आयसोनियाझिड यांमुळेही ल्युपससारखा आजार होऊ शकतो. त्यात बहुधा हिस्टोन या पेशीकेंद्रातल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात आणि औषध थांबवल्यावर त्रास सहसा ओसरतो. मात्र औषध थांबवायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. तपासणीसाठी म्हणून स्वतःहून कुठलीही गोळी बंद करू नका.