बीगलबोन ब्लॅक : यूएसबीवरून इंटरनेट आणि त्यातले बिघाड

लॅपटॉप किंवा डेस्कटॉपवर चालू असलेले इंटरनेट यूएसबी केबलमधून सिंगल-बोर्ड संगणकाला (एकाच सर्किट बोर्डावर बसवलेल्या छोट्या संगणकाला) पुरवण्याची पद्धत. बीगलबोर्ड डॉट ऑर्ग या संस्थेने २०१३ मध्ये आणलेल्या बीगलबोन ब्लॅकवर ती सुरुवातीपासून वापरात आहे. या बोर्डावर वायफाय नाही. पण मिनी-यूएसबीची एक केबल जोडली की वीज, टर्मिनल आणि नेटवर्क तिन्ही मिळतात. राउटर आणि लॅन केबल हाताशी असेल तर ती जोडणी केव्हाही सरस. मात्र वसतिगृहात किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत, जिथे वायफायला लॉगिनचे पान असते आणि प्रत्येक नव्या यंत्राची नोंदणी करावी लागते, तिथे यूएसबीचाच मार्ग उपयोगी पडतो. लॉगिन लॅपटॉपवर एकदा होते आणि बोर्डाची पॅकेटे (डेटाचे तुकडे) लॅपटॉपच्याच पत्त्याने बाहेर जातात.

रचना

बोर्ड चालू झाला की संगणकाला तो एकाच वेळी ड्राइव्ह, सीरियल पोर्ट आणि नेटवर्क कार्ड असा तिहेरी दिसतो. नेटवर्क कार्डावर बोर्डाचा पत्ता १९२.१६८.७.२ आणि संगणकाचा १९२.१६८.७.१ असतो. संगणकाला हा पत्ता बोर्डावरचाच डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारी सेवा) देतो. सबनेट मास्क (जाळ्याचा आकार ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.२५२ असल्यामुळे त्या जाळ्यात दोनच पत्ते मावतात. ॲपलच्या मॅक संगणकांसाठी १९२.१६८.६.२ आणि १९२.१६८.६.१ अशी दुसरी जोडी ठेवलेली आहे.

एवढ्याने एसएसएच (संगणकावरून बोर्डाच्या टर्मिनलमध्ये शिरण्याची सोय) चालते, इंटरनेट नाही. त्यासाठी आणखी चार गोष्टी लागतात. बोर्डाला डिफॉल्ट गेटवे (बाहेर जाणारी पॅकेटे ज्याच्याकडे द्यायची तो पत्ता) म्हणून १९२.१६८.७.१ माहीत असावा लागतो आणि नावांचे आकडी पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता लागतो. संगणकाने एका कार्डावर आलेले पॅकेट दुसऱ्या कार्डावरून पुढे पाठवावे लागते, म्हणजे फॉरवर्डिंग. आणि पाठवताना बोर्डाच्या जागी स्वतःचा पत्ता घालावा लागतो, म्हणजे नॅट. दोन कामे बोर्डावर, दोन संगणकावर. बिघाड कोणत्या बाजूला आहे हे न ठरवता दोन्हीकडे बदल करत सुटणे, हेच या कामात वेळ जाण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

बिघाड कुठे आहे ते ठरवणे

बोर्डाच्या टर्मिनलवरून क्रमाने चार चाचण्या कराव्यात. आधी १९२.१६८.७.१ ला पिंग, म्हणजे उत्तर मागणारे छोटे पॅकेट. उत्तर नसेल तर केबल, ड्रायव्हर किंवा पत्ता चुकला आहे, किंवा संगणकाची फायरवॉल पिंग अडवते आहे. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा अडवते, म्हणून तिथे उलट्या दिशेने, संगणकावरून ७.२ ला पिंग करून पाहावे. मग ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएसच्या पत्त्याला पिंग. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असे तत्काळ आले तर बोर्डाला गेटवे माहीत नाही. काहीच न येता कमांड नुसती थांबून राहिली तर पॅकेट बोर्डातून निघाले आहे आणि संगणकावर किंवा त्यापुढे अडले आहे. या दोन लक्षणांतला फरक ओळखता आला की निम्मे काम झाले. तिसरी चाचणी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाने पिंग: आकड्याने जाते, नावाने जात नाही, तर दोष डीएनएसचा. चौथी एचटीटीपीएसवरून एखादी फाइल उतरवणे. पिंग चालूनही ही अडली तर बोर्डाचे घड्याळ पाहावे.

काही संस्थांच्या नेटवर्कवर बाहेरचे पिंगच बंद असते. तिथे ८.८.८.८ ची चाचणी लॅपटॉपवरही अयशस्वी ठरते, म्हणून बोर्डाला दोष देण्याआधी तीच चाचणी लॅपटॉपवर करून पाहावी.

केबल, वीज, ड्रायव्हर

जुन्या मिनी-यूएसबी केबलींत निव्वळ चार्जिंगच्या केबली बऱ्याच असतात; त्यांत डेटाच्या तारा नसतात. बोर्डावरचा पहिला निळा एलईडी हृदयाच्या ठोक्यासारखा लुकलुकतो, म्हणजे लिनक्स चालू आहे, पण संगणकावर ना ड्राइव्ह दिसतो ना पोर्ट. असे असेल तर प्रथम केबल बदलावी. यूएसबी पोर्टमधून साधारण ५०० मिलिअँपिअर वीज मिळते. तेवढ्यात बोर्ड चालतो, पण त्याच्या यूएसबी सॉकेटला कॅमेरा किंवा डोंगल लावले की जोडणी मध्येच तुटू लागते. मग ५ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लावावा आणि यूएसबी केबल फक्त डेटासाठी ठेवावी.

विंडोज कधीकधी या नेटवर्क कार्डाला साधा कॉम (सीरियल) पोर्ट समजते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नोंदीचा ड्रायव्हर हाताने निवडावा: नेटवर्क अडॅप्टर्स, निर्माता मायक्रोसॉफ्ट आणि यादीतले रिमोट एनडीआयएस.

विंडोज

विंडोजमधला ठरलेला बिघाड असा. वायफाय कार्डाच्या ‘शेअरिंग’ टॅबवर खूण केली की बोर्डाचे चालू एसएसएच जागच्या जागी बंद पडते. कारण विंडोज यूएसबी कार्डाचा पत्ता स्वतःहून १९२.१६८.१३७.१ करून टाकते. बोर्ड मात्र ७.२ वरच असतो, म्हणून दोघे वेगवेगळ्या जाळ्यांत जातात. शेअरिंगची खूण तशीच ठेवून यूएसबी कार्डाच्या आयपीव्ही४ गुणधर्मांत पत्ता १९२.१६८.७.१ आणि मास्क २५५.२५५.२५५.२५२ हाताने भरावा. शेअरिंगची खूण नेहमी इंटरनेट जिथून येते त्या कार्डावर करायची असते, यूएसबी कार्डावर नव्हे. विंडोज पुन्हा सुरू केल्यावर खूण दिसते पण इंटरनेट जात नाही, असेही घडते. तेव्हा खूण काढून परत करावी आणि पत्ता पुन्हा तपासावा.

लिनक्स

लिनक्स संगणकावर तीन कामे: कर्नलमधील आयपी फॉरवर्ड हे मूल्य १ करणे, आयपीटेबल्स या फायरवॉलच्या नॅट तक्त्यात बाहेर जाणाऱ्या कार्डासाठी मास्करेडचा (पत्ता बदलण्याचा) नियम घालणे, आणि फॉरवर्ड साखळीत (पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीत) दोन्ही दिशांना परवानगी देणे. डेस्कटॉपवरचा नेटवर्क मॅनेजर हे एका पर्यायात करतो, ‘इतर संगणकांशी शेअर करा’. पण तो यूएसबी कार्डाला १०.४२.०.१ हा पत्ता देतो आणि विंडोजसारखाच घोटाळा होतो. बीगलबोनसाठी नियम हाताने घालणे चांगले.

नियम बरोबर असूनही चालत नसेल तर तीन संशयित आहेत. पहिला डॉकर, म्हणजे कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर: २०१७ च्या १.१३ आवृत्तीपासून तो फॉरवर्ड साखळीचे धोरण ‘ड्रॉप’ करतो, म्हणून ज्या लॅपटॉपवर काल शेअरिंग चालत होते तिथे डॉकर बसवल्यावर आज चालत नाही. परवानगीचे नियम डॉकर-यूजर या साखळीत घालावेत. दुसरा व्हीपीएन: तो चालू असताना पॅकेट वायफायऐवजी टन शून्य (tun0) या व्हीपीएनच्या आभासी कार्डावरून बाहेर जाते आणि वायफायसाठी लिहिलेला मास्करेड नियम त्याला लागू होत नाही. तिसरा कार्डाच्या नावातला बदल: बऱ्याच वितरणांत यूएसबी कार्डाचे नाव ‘ईएनएक्स’ने सुरू होऊन पुढे मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर-क्रमांक) येतो, तर जुन्या मार्गदर्शिकांत ‘यूएसबी शून्य’ लिहिलेले असते.

अंदाज करत बसण्यापेक्षा संगणकाच्या बाहेरच्या कार्डावर टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेटे दाखवणारी कमांड) लावून बोर्डावरून पिंग सोडावे. पॅकेट दिसतच नसेल तर फॉरवर्डिंग बंद आहे किंवा फॉरवर्ड साखळी ते अडवते आहे. १९२.१६८.७.२ या पत्त्यानेच बाहेर पडत असेल तर नॅट होत नाही. राउटरला तो पत्ता ओळखीचा नसल्याने उत्तर परत येण्याची सोयच नाही. लॅपटॉपच्या पत्त्याने जाऊन उत्तरही येत असेल, पण बोर्डापर्यंत पोहोचत नसेल, तर परतीच्या दिशेचा फॉरवर्ड नियम राहिला आहे.

बोर्डाची बाजू

गेटवेसाठी कमांड अशी: रूट (route), ॲड, डिफॉल्ट, जीडब्ल्यू आणि पुढे १९२.१६८.७.१, ती सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावून द्यावी. बोर्डाला पूर्वी लॅन केबल जोडलेली असेल आणि तिचा डिफॉल्ट मार्ग शिल्लक असेल तर दोन डिफॉल्ट मार्ग होतात आणि पॅकेट मृत मार्गाने जाते. आयपी रूट ही कमांड देऊन जुना मार्ग काढून टाकावा. घरचा राउटरही १९२.१६८.७ या मालिकेतले पत्ते वाटत असेल तर लॅपटॉपच गोंधळतो. तिथे राउटरची मालिका बदलणे सोपे.

डीएनएस साठी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ‘नेमसर्व्हर’ आणि पुढे पत्ता लिहितात. बोर्डावर घालायच्या डेबियन लिनक्सच्या काही तयार प्रतिमांत (इमेजेसमध्ये) कॉनमॅन ही नेटवर्क सांभाळणारी सेवा ती फाइल पुन्हा लिहिते, म्हणून बदल रीबूटनंतर नाहीसा होतो. तिथे डीएनएस कॉनमॅनमधूनच ठरवावा. बाहेरचे डीएनएस अडवणाऱ्या नेटवर्कवर ८.८.८.८ न लिहिता लॅपटॉपला मिळालेला डीएनएस पत्ता लिहावा.

घड्याळाकडे फार दुर्लक्ष होते. बोर्डावर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही; वीज गेली की तारीख मागे पडते. मग एचटीटीपीएसची प्रमाणपत्रे ‘अजून वैध नाहीत’ असे ठरते, आणि सॉफ्टवेअर बसवणारी ॲप्ट ही कमांड रिलीज फाइलबद्दल तीच तक्रार करते. इंटरनेट मिळताच वेळ आपोआप जुळते, पण नेटवर्कने एनटीपीचा (वेळ जुळवण्याच्या सेवेचा) यूडीपी पोर्ट १२३ बंद केला असेल तर डेट कमांडने हाताने लावावी लागते.

यातले काहीही करताना एसएसएच तुटले तर बोर्ड बंद करू नये. त्याच केबलवरचा सीरियल पोर्ट नेटवर्कच्या पत्त्यांवर अवलंबून नसतो. त्यावर १,१५,२०० च्या वेगाने टर्मिनल उघडून बोर्डात शिरता येते.

रास्पबेरी पाय झीरो

पाय झीरोवर हीच सोय हाताने चालू करावी लागते: कॉन्फिग फाइलमध्ये डीडब्ल्यूसी२ या यूएसबी ड्रायव्हरचा ओव्हरले (हार्डवेअरची मांडणी सांगणारी नोंद), आणि सीएमडीलाइन फाइलमध्ये रूटवेटनंतर डीडब्ल्यूसी२ व जी-ईथर ही मॉड्यूले. सीएमडीलाइन फाइल एकाच ओळीची असते. एंटर दाबून दुसरी ओळ केली तर मॉड्यूले चढत नाहीत. केबल ‘यूएसबी’ लिहिलेल्या पोर्टला लावावी. ‘पॉवर’च्या पोर्टमध्ये डेटाच्या तारा नाहीत.

बीगलबोनपेक्षा इथले मोठे वेगळेपण पत्त्यांचे. पाय स्वतः पत्ता वाटत नाही, मागतो. म्हणून विंडोजचे १९२.१६८.१३७ आणि लिनक्सचे १०.४२.० हे पत्ते इथे योग्यच आहेत, ते बदलू नयेत. बोर्डाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर शेअरिंग सुरू झालेले नाही, असे समजावे. शिवाय जी-ईथर प्रत्येक बूटला नवा मॅक पत्ता घेते. संगणकाला दर वेळी नवेच कार्ड दिसते आणि शेअरिंगची मांडणी हरवते. मॉड्यूलच्या होस्ट-ॲड्र आणि डेव्ह-ॲड्र या पर्यायांत ०२ ने सुरू होणारे दोन वेगवेगळे मॅक पत्ते कायमचे लिहून ठेवले की हा त्रास थांबतो.