चार जीबीचं कार्ड आणि चौसष्ट बिटांची वाट

इंजिनीअरिंग आणि अ‍ॅनिमेशनच्या प्रवेशांचे दिवस आले, की ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: "मुलासाठी ग्राफिक्स कार्ड (संगणकाच्या पडद्यावरची चित्रं घडवणारा भाग) घ्यायचंय. दोन जीबीचं घेऊ की चार?" विचारणारी माणसं बेफिकीर नसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची दुकानं पालथी घातलेली असतात, ऑनलाइन किमती तोंडपाठ असतात. पाच-सात हजार रुपये हातचे जायच्या आधी ती चार वेळा विचार करतात. पण ज्या आकड्यावर त्यांचा सगळा हिशेब उभा असतो, तो आकडा कार्डाच्या वेगाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. कार्ड बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, तरीही खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत तोच छापला जातो.

असं एक खोकं नीट बघू. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीची जीटी ७३० ही चिप २०१४ सालची. तिची चार जीबीची कार्डं भारतातल्या ऑनलाइन दुकानांत वर्षानुवर्षं विकली गेली. दर्शनी बाजूला ठळक "४ जीबी". शेजारी, त्याहून बारीक, "डीडीआर३". आणि कुठेतरी कडेला किंवा मागच्या बाजूला "६४ बिट". कार्ड किती पळेल हे या दोन बारीक नोंदींवरून ठरतं.

जीबी म्हणजे साठवण. कार्डावरच्या मेमरी चिप्समध्ये एका वेळी किती माहिती मावेल, एवढंच तो आकडा सांगतो. चित्र काढायचं काम मात्र मधली मोठी चिप, म्हणजे जीपीयू, करते. मेमरीत पडून असलेली माहिती तिच्यापर्यंत पोचली नाही तर ती असून नसल्यासारखीच. एका सेकंदात किती माहिती पोचते, त्याला मेमरीची बँडविड्थ म्हणतात. आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही, अशी या चार जीबीच्या कार्डाची गत आहे.

बँडविड्थ काढायला शाळेतलं गणित पुरतं. जीपीयू आणि मेमरी चिप्स यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक रेघा असतात. कार्ड उलटं करून तिरक्या उजेडात धरलं, तर रंगाच्या थराखाली त्यातल्या काही दिसतात. त्यातल्या पुष्कळ रेघा सरळ न जाता मुद्दाम नागमोडी फिरवलेल्या असतात, कारण त्यांची लांबी सारखी ठेवावी लागते. नाहीतर एकाच क्षणी निघालेले बिट वेगवेगळ्या वेळी पोचतील. माहिती वाहणारी प्रत्येक रेघ एका वेळी एक बिट नेते. "६४ बिट" म्हणजे अशा ६४ रेघा. एका रेघेवरून सेकंदाला किती बिट जातील, हे मेमरीच्या जातीवर ठरतं. जीटी ७३० च्या डीडीआर३ मेमरीत ते प्रमाण १.८ अब्ज बिट आहे. ६४ गुणिले १.८, भागिले ८ (कारण आठ बिटांचा एक बाइट), उत्तर आलं १४.४. म्हणजे सेकंदाला १४.४ जीबी. याच नावाचं, तितक्याच म्हणजे ३८४ कोअरचं (कोअर म्हणजे जीपीयूमधले हिशेब करणारे छोटे विभाग) कार्ड जीडीडीआर५ मेमरीतही मिळायचं. त्यात प्रत्येक रेघेवरून ५ अब्ज बिट जातात, म्हणून बँडविड्थ ४० जीबी. रेघा तेवढ्याच, नाव तेच, आणि फरक पावणेतीन पटींचा.

सेकंदाला १४.४ जीबी हे ऐकायला भरपूर वाटतं. पण गेम सुरळीत दिसायला सेकंदाला ६० चित्रं लागतात. ६० ने भागलं की एका चित्राच्या वाट्याला २४० एमबी येतात. एका चित्रासाठी सगळी चार जीबी मेमरी वाचायची म्हटली, तर पाव सेकंदाहून जास्त वेळ जाईल आणि पडद्यावर सेकंदाला चार चित्रंही धड उमटणार नाहीत. कुठलाही गेम दर चित्राला सगळी मेमरी वाचत नाही, हे खरं. आपण ज्या खोलीत उभे नाही, तिच्या भिंती नुसत्या तयार ठेवलेल्या असतात. पण २४० एमबी किती पटकन संपतात ते बघण्यासारखं आहे, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात आवडणारा भाग हाच.

१९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट, म्हणजे पूर्ण चित्र ८.३ एमबी. मग २४० एमबी कशाला लागतील? लागतात, कारण जीपीयू चित्र एका दमात काढत नाही. आधी प्रत्येक ठिपक्यावर दिसणारी वस्तू किती दूर आहे, याची नोंद होते. समोर खांब आणि मागे भिंत असेल, तर भिंतीचा हा ठिपका रंगवायचा की सोडायचा, हे ठरवायला दर वेळी ती नोंद वाचावी लागते. मग प्रत्येक ठिपक्यासाठी मूळ रंग कोणता, पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला, तो किती गुळगुळीत, किती चकचकीत, असे चार-पाच तक्ते लिहिले जातात. प्रत्येक तक्ता पडद्याएवढा, साधारण ८ एमबीचा. आधी लिहायचा, मग प्रकाशाचा हिशेब करताना परत वाचायचा. इथेच ऐंशीच्या आसपास एमबी खर्ची पडले. सावल्या हव्या असतील तर तेच दृश्य दिव्याच्या किंवा सूर्याच्या जागेवरून पुन्हा एकदा मोजायचं. प्रतिबिंबं, धुकं, कडांचे दाते घासणं, प्रत्येक टप्प्याला अख्खा पडदा वाचायचा आणि अख्खा लिहायचा.

याशिवाय विटा, माती, कापड यांची पोतचित्रं, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवायची चित्रं (टेक्स्चर). भिंतीवरच्या एका ठिपक्याचा रंग पोतचित्रातून एकदा वाचून मिळत नाही. शेजारशेजारचे चार नमुने वाचून त्यांची सरासरी काढतात. त्याच पोतचित्राच्या जवळच्या आणि दूरच्या आवृत्त्यांचा सांधा दिसू नये म्हणून दोन्हींतून मिळून आठ. रस्त्यासारखा दूरवर निमुळता होत जाणारा पृष्ठभाग असेल आणि गाळणीची (अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंगची) १६ पटींची सेटिंग लावली असेल, तर एका ठिपक्यासाठी १२८ नमुन्यांपर्यंत मजल जाते. जीपीयूच्या पोटात कॅश नावाची छोटी, अतिवेगवान मेमरी असते. ती यातल्या बहुतेक फेऱ्या वाचवते. तरीही उरलेल्या फेऱ्या त्या ६४ रेघांवरूनच होतात.

यावर कुणाचा विश्वास बसत नसेल, तर एनव्हीडियाने नकळत एक सुंदर प्रयोग करून ठेवला आहे. मे २०१७ मध्ये जीटी १०३० बाजारात आलं: ३८४ कोअर, २ जीबी, ६४ बिट, जीडीडीआर५, बँडविड्थ ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाचं दुसरं कार्ड आलं: ३८४ कोअर, २ जीबी, ६४ बिट, पण डीडीआर४. बँडविड्थ १६.८ जीबी. चिपचा जाहीर कमाल वेग १,४६८ मेगाहर्ट्झवरून १,३७९ वर आला, म्हणजे सहा टक्क्यांची घट. वेग जीबीवर किंवा कोअरवर ठरत असता, तर दोन्ही कार्डं उन्नीस-बीस निघाली असती. प्रत्यक्षात दोन्ही शेजारी ठेवून केलेल्या चाचण्यांत अनेक गेममध्ये डीडीआर४ चं कार्ड जवळपास निम्म्यावर आलं.

आणखी एक भागाकार करा. ३८४ कोअर, प्रत्येकी एका ठोक्याला दोन क्रिया, सेकंदाला १३७.९ कोटी ठोके. गुणाकार होतो सुमारे १,०५९ अब्ज क्रिया. मेमरीतून येतात १६.८ अब्ज बाइट. म्हणजे प्रत्येक बाइटमागे ६३ क्रियांची ताकद. एक संख्या ४ बाइटांची असते, तेव्हा मेमरीतून आणलेल्या प्रत्येक संख्येवर २५० च्या आसपास क्रिया करायला मिळाल्या, तरच कोअर पूर्ण वेळ कामात राहतील. जीडीडीआर५ च्या कार्डात हेच प्रमाण ९४ आहे. चित्र धूसर करण्यासारख्या साध्या टप्प्यात एका ठिपक्यामागे याच्या आसपासही काम नसतं. मग कोअर असतात, वीज असते, आणि सगळे माहिती येण्याची वाट बघत थांबलेले असतात.

ही दोन्ही कार्डं एकाच नावाने विकणं याला मी फसवणूक म्हणतो. खोक्यावर डीडीआर४ असं छापलं होतं, हा बचाव मला पटत नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. खोक्यावर बँडविड्थचा एक आकडा जीबीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापणं बंधनकारक करायला काय हरकत आहे? फ्रिजवर वीजवापराचे तारे छापतोच ना आपण!

हा प्रकार फक्त स्वस्त कार्डांपुरता नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० वर ४ जीबी लिहिलं होतं आणि ४ जीबी होतीही. पण त्यातली साडेतीन जीबी सेकंदाला १९६ जीबी वेगाने वाचता यायची आणि उरलेली अर्धी जीबी फक्त २८ जीबी वेगाने. जानेवारी २०१५ मध्ये हे उघड झालं, अमेरिकेत खटला झाला, आणि २०१६ मधल्या तडजोडीत तिथल्या ग्राहकांना प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याचं ठरलं. एनव्हीडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीही यात मागे नाही: २०१७ मध्ये आरएक्स ५६० या एकाच नावाखाली १,०२४ आणि ८९६ कोअरची कार्डं विकली जात होती. अलीकडचं उदाहरण आरटीएक्स ३०५० चं. ८ जीबीच्या मूळ कार्डात २,५६० कोअर, १२८ बिट आणि २२४ जीबी बँडविड्थ. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २,३०४ कोअर, ९६ बिट आणि १६८ जीबी. गिऱ्हाइकाला वाटतं फक्त मेमरी दोन जीबीने कमी झाली.

उलट बाजूही सांगायला हवी. आरटीएक्स ४०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन्ही जीबींत आलं आणि दोन्हींची बँडविड्थ २८८ जीबीच आहे. इथे जास्त जीबी वाया जात नाहीत. गेमची पोतचित्रं ८ जीबीत मावेनाशी झाली, तर माहिती संगणकाच्या नेहमीच्या रॅममधून, मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या) खाचेतून येऊ लागते आणि ती वाट याहून कितीतरी अरुंद आहे. म्हणजे साठवण पुरेशी हवीच. पण ती पुरेशी झाली की त्यापुढचा वेग बँडविड्थ ठरवते.

बँडविड्थचे आकडेही एकाच पिढीच्या कार्डांत ताडून बघावेत. त्याआधीच्या ३०६० टीआयची बँडविड्थ ४४८ जीबी होती आणि कॅश ४ एमबी. ४०६० टीआयची २८८ आणि कॅश ३२ एमबी. मोठ्या कॅशमुळे रेघांवरच्या फेऱ्याच कमी होतात. कोअरच्या संख्येचंही तसंच. आरटीएक्स २०८० टीआयचे ४,३५२ आणि पुढच्या पिढीतल्या ३०८० चे ८,७०४ कोअर हा बरोबर दुपटीचा आकडा मुख्यतः मोजणीच्या पद्धतीतून येतो. आधी फक्त पूर्णांकांचं काम करणारे विभाग नव्या पिढीत दशांशी संख्यांचंही काम करू लागले, म्हणून तेही कोअर म्हणून मोजले गेले. पूर्णांकांचं काम आलं की ते त्यातच अडकतात, त्यामुळे वेग दुप्पट होत नाही.

आणि आता तर प्रचाराने ताळतंत्रच सोडलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या व्यासपीठावरून एनव्हीडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० च्या तोडीचं काम करेल असं सांगितलं. ५०७० ची बँडविड्थ ६७२ जीबी आणि मेमरी १२ जीबी. ४०९० ची १,००८ आणि २४. तोडीस तोड दिसतं ते कशामुळे? ५०७० वर दर चार चित्रांतली तीन चित्रं गेमने घडवलेली नसतात. दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रं कृत्रिम बुद्धिमत्ता अंदाजाने भरते. त्याने हालचाल गुळगुळीत दिसते, तंत्र म्हणून ते उत्तमच आहे. पण तुम्ही बटण दाबल्यावर खेळाडू लवकर हलत नाही, कारण तो खऱ्या चित्रातच हलतो. अंदाजाची चित्रं मोजून त्याला वेग म्हणणाऱ्याला विज्ञानाचं नाव घेण्याचा हक्क नाही.

आता पाच-सात हजारांच्या त्या प्रश्नाकडे. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं आणि ते संगणकाची नेहमीची रॅम वापरतं. ३२०० च्या डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या की रेघा होतात १२८, आणि प्रत्येकीवरून ३.२ अब्ज बिट: सेकंदाला ५१.२ जीबी. ती प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावी लागते, तरी जीटी ७३० च्या १४.४ पेक्षा ती कितीतरी जास्त आहे. अशा संगणकात ते "चार जीबीचं" कार्ड घातलं आणि मॉनिटरची केबल त्याला जोडली, तर पैसे मोजून गेम हळू होतात.

फक्त पट्ट्या दोन हव्यात. १६ जीबीची एकच पट्टी लावली तर रेघा ६४ च राहतात आणि बँडविड्थ २५.६ वर येते. ८-८ जीबीच्या दोन लावल्या तर पूर्ण ५१.२ मिळते. तयार संगणकांत आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये पुष्कळदा एकच पट्टी असते, तेव्हा घेण्याआधी तेवढं विचारून घ्यावं. चार खाचांच्या मदरबोर्डवर या दोन पट्ट्या शेजारीशेजारी बसवू नयेत. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजत दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. नेमकी कुठली, ते बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.