अक्षर छान आहे म्हणजे कॅलिग्राफी येते असं नाही हो

ठाण्यात आमच्याकडे कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकांवर नावं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडतं, शाळेपासून माझं अक्षर वळणदार म्हणून. परवा मावशी म्हणाली, "अगं, एवढं मोत्यासारखं अक्षर आहे तुझं, हॉलच्या दारात लावायला दोघांची नावं कॅलिग्राफीत करून दे की." आता तिला कसं समजवायचं.

थोडी चूक शब्दाची पण आहे. शाळेत सुलेखन म्हणजे दुरेघी वहीत रोज एक पान सुवाच्य लिहिणं, आणि कॅलिग्राफीलाही आपण सुलेखनच म्हणतो. (शुद्धलेखन हे तिसरंच, तिथे ऱ्हस्व-दीर्घ बघतात, अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी चालतं.)

हस्ताक्षर ही सवय आहे. किराण्याची यादी लिहिताना आपलं लक्ष तूरडाळ किती आणायची याच्याकडे असतं, क कसा काढला याच्याकडे नसतं, हात आपला चालत राहतो. बाबांची दुधाच्या हिशोबाची जुनी वही आहे माझ्याकडे, त्यात ५ चं पोट प्रत्येक पानावर उघडंच राहिलंय आणि शिरोरेघ शब्दाच्या अर्ध्यातच संपते. गंमत म्हणजे सोसायटीच्या फळ्यावर ते खडूने पाण्याची वेळ लिहायचे तेव्हाही ५ तसाच. कागदावर बोटं हलतात, फळ्यावर अख्खा हात हलतो, तरी वळण तेच, म्हणजे ते बोटांत नसतंच, डोक्यात बसलेलं असतं. म्हणून तर कोर्टात हस्ताक्षर पुरावा म्हणून चालतं, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ४५ मध्ये हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत होतं आणि कलम ४७ मध्ये ते अक्षर ओळखणाऱ्या साध्या माणसाचंही, आता नवीन कायदा आला पण ही सोय तशीच आहे. अक्षरावरून स्वभाव सांगणारे मात्र वेगळे, त्याला काही शास्त्रीय आधार नाही, माझा तरी त्यावर काडीचा विश्वास नाही.

कॅलिग्राफीत हे सगळं उलटं होतं. मी नौपाड्यात क्लास लावला होता, वाटलं आपण काय पहिल्याच दिवशी बाजी मारणार. पहिले काही आठवडे फक्त रेघा, उभ्या, आडव्या, तिरक्या, मग गोल. कट निबचं टोक सपाट असतं, ते एकाच कोनात धरून ठेवायचं आणि हात फिरवायचा, की जाड-बारीक आपोआप येतं, दाब द्यायचा नाही. आणि देवनागरीसाठी बोरू रोमनच्या उलट्या बाजूला तिरका कापतात, त्यामुळे इंग्रजीचा सेट आणून मराठी काढायला बसलात तर जाडी भलतीकडेच येते. माझा घोळ व्हायचा तो 'श्री' काढताना. वळणावर बॉलपेनच्या सवयीने माझी बोटं पेन हळूच फिरवायची, बॉलपेनला काय फरक पडतो, पण इथे कोन बदलला की जिथे रेघ बारीक व्हायला हवी तिथेच ती फुगायची आणि शाई साचायची. शेजारच्या मुलाचं अक्षर त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण तो माझ्या आधी शिकला, कारण तो अक्षर लिहीत नव्हता, बघून बघून काढत होता. माझं चांगलं अक्षर मला नडलं.

दोन्हींचा संबंधच नाही असं पण नाही, मोडी बघा ना. कारकुनाला भराभर लिहायचं असायचं म्हणून आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग शक्यतो हात न उचलता लिहीत सुटायचं, म्हणजे ती पक्की रोजच्या कामाची लिपी, पण कॅलिग्राफर अच्युत पालवांनी तिचाच अभ्यास केला आणि मोडी-देवनागरी मिसळून मुक्तलिपी केली, २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. कॅलिग्राफर र. कृ. जोशींचं काम तर कॉम्प्युटरवर मराठी वाचणाऱ्या बहुतेकांनी पाहिलंय, फक्त माहीत नसतं, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. तिथे अक्षराचा विचार होतो, लिहिणाऱ्याच्या सवयीचा नाही.

क्लासचा एक तोटा मात्र झाला. नवीन हौस, म्हणून मी चेकवर सही जरा नीट, कोन सांभाळून, आडनावाच्या शेवटाला छान झोका देऊन केली. चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. बँकेत गेले तर काउंटरवरच्या बाईंनी कागद पुढे सरकवला, "मॅडम, आधी करायच्या तशी करा." दोऱ्याला बांधलेलं पेन, मागे लाईन, आणि घरी गॅसवर कुकर ठेवून आलेय की काय या विचारात मी सही केली. लगेच जुळली.