फ्रूट पंच (मद्यविरहित)

समारंभात अनेकांना एकाच मोठ्या भांड्यातून वाढता यावे, यासाठी फळांचे रस, पाणी किंवा सोडा, आंबट-गोड घटक आणि सुगंधी मसाले एकत्र करून आयत्या वेळी तयार केल्या जाणाऱ्या थंड पेयाला फ्रूट पंच म्हणतात. सरबतात सहसा एकाच फळाची चव पुढे असते. पंचात दोन-तीन रसांची सरमिसळ असते आणि त्यांना बांधून ठेवणारा एखादा तुरट किंवा तिखट घटकही लागतो. प्रस्तुत नोंदीत मद्यार्क न घालता आणि साखर बेताची ठेवून केलेल्या पंचाचा विचार केला आहे.

पेयाच्या अर्थाने ‘पंच’ हा शब्द इंग्रजी लिखाणात १६३२ पासून आढळतो. त्याचा पहिला ज्ञात उल्लेख ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराच्या पत्रात आहे. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात हे नाव ‘पाच’ या संख्येवरून आल्याचे आणि पेयात पाच घटक असल्याचे नमूद केले आहे. दारू, लिंबाचा रस, साखर, पाणी आणि मसाला हे ते पाच घटक, असे सामान्यतः सांगितले जाते. पिंपाच्या एका प्रकाराच्या ‘पंचन’ या इंग्रजी नावाशी शब्दाचा संबंध जोडणारेही मत आहे. मद्यविरहित प्रकाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १८६९ मधील आहे. अमेरिकेतील दंतवैद्य टॉमस ब्रॅमवेल वेल्च यांनी चर्चमधील विधीत वाइनऐवजी वापरता यावा म्हणून द्राक्षरस बाटलीत भरून तापवला. त्यातील यीस्ट मेल्यामुळे तो आंबला नाही, आणि फळांचा रस न आंबता टिकवून ठेवण्याची वाट मोकळी झाली.

मद्य वगळल्यावर उणे पडते ते : मद्यार्कामुळे पेयाला घशाशी जाणवणारी ऊब, थोडा कडवटपणा आणि जिभेवर रेंगाळणारा जडपणा येतो, शिवाय सालींतील व मसाल्यांतील सुगंधी तेले त्यात विरघळतात. मद्य नुसते वजा केले तर या सगळ्या गोष्टी एकदम नाहीशा होतात आणि उरलेले मिश्रण पाणचट लागते. ही पोकळी साखरेने भरण्याचा मोह होतो, आणि बहुतेक पंच इथेच फसते. पहिला घोट छान लागतो, दुसऱ्या पेल्याला तोंड मिटते. खरे तर पोकळी ज्या चवींची असते त्याच चवींनी ती भरायला हवी. चहातील टॅनिन तुरटपणा आणि जडपणा देते (जुन्या मद्ययुक्त पंचांतही चहा वापरला जात असे), आल्याचा तिखटपणा घशाला ऊब देतो, लिंबाच्या किंवा संत्र्याच्या सालीतले तेल सुगंध पुरवते आणि चिमूटभर मीठ कडवटपणा दाबून गोडी वर आणते. मीठ चवीला कळता कामा नये, इतकेच ते असावे.

सालीतले तेल काढण्याची एक जुनी रीत ओलिओ-सॅकरम या नावाने ओळखली जाते आणि चांगल्या पंचाचा अर्धा गुण तिच्यात आहे, असे म्हणायला हरकत नाही. चार मोठी लिंबे घासून धुऊन कोरडी करावीत आणि सोलाण्याने त्यांचा फक्त वरचा रंगीत थर पातळ पट्ट्यांत उतरवावा. खालचा पांढरा थर आल्यास पेय कडू होते. या पट्ट्या साठ ग्रॅम साखरेत टाकून लाकडी दांड्याने दाबत दाबत मळल्या की सालीतील तेलाचे कोश फुटतात आणि साखर ओलसर, वाळूसारखी दिसू लागते. भांडे झाकून दोन-तीन तास ठेवल्यावर पट्ट्या आखडून कडक होतात आणि तळाशी चकाकणारा पिवळसर पाक सुटलेला असतो. त्याचा वास नुसत्या रसाला कधीच येत नाही, कारण लिंबाचा ओळखीचा गंध रसात नसून मुख्यतः सालीच्या तेलात असतो. हा पाक थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळला की पुढच्या मिश्रणाचा पाया तयार होतो. सुगंध भरपूर असल्याने तीच साखर जिभेला अधिक वाटते.

साखरेचा हिशेब : ‘फळांचा रस म्हणजे आरोग्यदायी’ हे समीकरण अर्धवट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेल्या साखरेबरोबरच मध, पाक, फळांचे रस आणि रसांचे अर्क यांतील नैसर्गिक साखरही ‘मुक्त शर्करा’ या सदरात मोडते. दिवसभरातील एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा तिच्यातून मिळावी अशी शिफारस असून, पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास आणखी लाभ होईल असे त्यात सुचवले आहे. २००० किलोकॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. अख्ख्या फळातील साखर या मर्यादेत धरत नाहीत, कारण ती पेशींच्या आत तंतूंसह असते आणि फळ चावून खाण्यास वेळ लागतो. रस काढताना चोथ्याबरोबर तंतू निघून जातात आणि तीन-चार फळांची साखर एका पेल्यात येते. संत्र्याच्या किंवा अननसाच्या १०० मिली रसात साधारण ८ ते १० ग्रॅम साखर असते, द्राक्षरसात ती १५ ग्रॅमच्या आसपास जाते. नुसत्या रसांचे पंच १५० मिलीच्या तीन पेल्यांत सुमारे ४५ ग्रॅम साखर पोटात घालते. म्हणून पंचाला आरोग्यदायी म्हणायचे ते त्यात फळे किती आहेत यावरून नव्हे, तर एका पेल्यात साखर किती उतरते यावरून.

उदाहरणादाखल सुमारे पाच लिटरचे एक प्रमाण पाहता येईल. एक लिटर संत्र्याचा रस, अर्धा लिटर अननसाचा रस, साले काढून घेतलेल्या त्याच चार लिंबांचा १०० मिली रस, साठ ग्रॅम साखरेचा वर सांगितलेला पाक, एक लिटर थंड चहा, २५० मिली आल्याचे पाणी आणि शेवटी दोन लिटर साधा सोडा. चहासाठी आठ-दहा ग्रॅम पत्ती एक लिटर थंड, पिण्यायोग्य पाण्यात घालून भांडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. असा चहा उकळलेल्या चहापेक्षा कमी कडू होतो. आल्याचे पाणी करताना पन्नास ग्रॅम ठेचलेले आले ३०० मिली पाण्यात दहा मिनिटे मंद आचेवर ठेवून गाळावे. या मिश्रणात रसांची आणि वरची मिळून सुमारे २०० ग्रॅम साखर असते, म्हणजे १५० मिलीच्या पेल्यात सहा ग्रॅम. तीन पेले घेतले तरी अठराच होतात. पाच लिटरमध्ये असे तेहेतीस पेले भरतात, आणि दोन-तीन तासांच्या मेळाव्यात माणशी तीन पेले धरले तर ते अकरा जणांना पुरतात. लहान मुले असतील तेथे चहा कॅफीनमुक्त घ्यावा. चव मात्र थंड झाल्यावरच पाहावी, कारण थंडीने गोडी कमी जाणवते आणि कोमट असताना बेताचे वाटणारे मिश्रण गार झाल्यावर आंबट लागू शकते. साखर वाढवायची तर तेव्हा, चमच्या-चमच्याने.

बर्फ आणि बुडबुडे : एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो. या आकड्यावरून साधा हिशेब मांडता येतो. २५ अंश सेल्सिअसचे पाच लिटर पेय केवळ बर्फाने ५ अंशांवर आणायचे तर सुमारे १.२ किलो बर्फ वितळावा लागतो, म्हणजे पेयात तेवढेच पाणी वाढते आणि सगळे प्रमाण बिघडते. तेच पेय आधी फ्रीजमध्ये ८ अंशांपर्यंत गार केले असेल, तर ४ अंशांवर नेण्यास पाव किलोपेक्षाही कमी बर्फ पुरतो. यास्तव सोडा धरून सगळे घटक आदल्या रात्रीच गार करून ठेवणे ही या पेयाच्या कृतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी ठरते. बर्फही चुऱ्याऐवजी एका मोठ्या वाडग्यात गोठवलेल्या ढेपेच्या रूपात घालावा. आकारमानाच्या मानाने ढेपेचा पृष्ठभाग कमी असल्याने ती सावकाश वितळते. सोड्यातील कार्बन डायऑक्साइड ० अंशाला जितका विरघळलेला राहतो, त्याच्या साधारण निम्माच २० अंशांना राहतो. म्हणून सोडा गार असावा, पाहुणे आल्यावरच भांड्याच्या कडेने हळू ओतावा आणि त्यानंतर मिश्रण फार ढवळू नये. धुराचा देखावा करण्यासाठी कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरण्याची हौस काही ठिकाणी दिसते. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश असते आणि त्याचा तुकडा पेल्यात जाऊन गिळला गेल्यास तोंड व अन्ननलिका भाजल्यासारखी जखमी होऊ शकते. तो पिण्याच्या भांड्यात घालूच नये.

फळांचे काही स्वभाव ध्यानात ठेवावे लागतात. कापलेले सफरचंद आणि नासपती हवेत काळवंडतात. त्यांच्या फोडी लगेच लिंबाच्या पाण्यात टाकल्यास ही क्रिया मंदावते. लिंबूवर्गीय फळे बियांसकट मिक्सरमध्ये फिरवली तर रस काही वेळाने कडू होतो. ताज्या अननसातील ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) दुधाला कडू करते, शिवाय आंबट रसाने दूध फाटते. त्यामुळे दुधाचे पदार्थ या पेयापासून दूरच बरे.

स्वच्छता : फळांचे रस आंबट असतात, पण आंबटपणा सर्व जंतूंना रोखत नाही. १९९६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात पाश्चरीकरण न केलेल्या, म्हणजे तापवून जंतू न मारलेल्या, सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूचा उद्रेक झाला होता. फळे सोलायची असली तरी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत, कारण सुरी सालीवरची घाण गरात नेते. गोठवलेल्या बेरी बर्फाऐवजी टाकण्याची पद्धत आकर्षक असली तरी गोठवल्याने नोरोव्हायरस आणि हेपॅटायटिस-ए यांचे विषाणू मरत नाहीत. अशा बेरींमुळे साथी झालेल्या आहेत, म्हणून त्या आधी एक मिनिट उकळून गार कराव्यात. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावा. तयार पेय दोन तासांपेक्षा जास्त वेळ खोलीच्या तापमानाला ठेवू नये. मेळावा लांबणार असेल तर निम्मे मिश्रण सोडा न घालता फ्रीजमध्ये राखून ठेवावे.

आंबट रस धातूंवर परिणाम करतो. कल्हई नसलेले तांबे, जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या आणि शिशाचा अंश असलेली चकाकी दिलेली मातीची भांडी यांतून हे धातू पेयात उतरतात. काच किंवा स्टेनलेस स्टील वापरावे. शिशाच्या स्फटिक-काचेचे शोभिवंत भांडे काच असूनही या कामाला नको.

मद्यविरहित म्हणजे किती : पिकलेल्या फळांत आणि त्यांच्या रसांत मद्यार्काचा सूक्ष्म अंश नैसर्गिकपणे असू शकतो, आणि अनेक देशांत ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क असलेली पेये ‘मद्यविरहित’ म्हणून विकता येतात. जे धर्मामुळे, गर्भारपणामुळे, औषधांमुळे किंवा व्यसनातून बाहेर पडताना मद्य पूर्ण टाळतात, त्यांच्यासाठी हा अंशही महत्त्वाचा असू शकतो. म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचावा. व्हॅनिला अर्कात मद्यार्क भरपूर असतो, बिटर्स नावाच्या कडू थेंबांत तो दारूइतका असतो आणि कोंबुचा या आंबवलेल्या चहात थोडा असतो. घरचा रस दिवसभर उबेत राहिला तर सालीवरील यीस्टमुळे त्यातही मद्यार्क तयार होऊ लागतो. पाहुण्यांपैकी कोणाला काय चालत नाही हे त्यांना विचारत बसावे लागू नये, यासाठी भांड्याशेजारी सर्व घटकांची चिठ्ठी ठेवणे हा साधा आणि सभ्य उपाय आहे.

या चिठ्ठीवर ग्रेपफ्रूट या मोठ्या, कडसर लिंबूवर्गीय फळाचा उल्लेख तर अवश्य असावा. १९८९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी फेलोडिपीन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासताना मद्याची चव झाकण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे वाढलेली दिसली. या फळातील फ्युरॅनोकुमारिन संयुगे आतड्यातील औषध-विघटन करणाऱ्या विकराला निकामी करतात, त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही स्टॅटिन औषधांसह अनेक औषधांचा प्रभाव वाढतो. कोण कोणती औषधे घेते हे यजमानाला ठाऊक नसते, तेव्हा सामाईक भांड्यात हे फळ न घालणेच योग्य. मध घातलेले पेय एक वर्षाखालील बाळाला देऊ नये, त्यातून अर्भकांना बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये या वयाच्या बाळांना फळांचा रसही देऊ नये अशी शिफारस केली. मधुमेह असणाऱ्यांसाठी रसाचे मिश्रण आणि सोडा वेगवेगळ्या सुरयांत ठेवले की त्यांना आपले प्रमाण आपण ठरवता येते.

दातांचे एनॅमल (वरचे कठीण आवरण) सुमारे ५.५ पीएचच्या (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) खाली झिजू लागते आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.६ इतका असतो. एकच पेला तासभर घोट-घोट घेत राहण्यापेक्षा तो खाण्याबरोबर संपवून वर साधे पाणी पिणे दातांना सोयीचे जाते, आणि नंतर लगेच ब्रश करू नये. त्यासाठी पंचाच्या भांड्याजवळ गार पाण्याची सुरई ठेवावी. भांड्यात तरंगलेल्या फळांच्या फोडी शेवटी टाकून द्याव्यात. सोडा न घातलेले, फ्रीजमध्येच राहिलेले राखीव मिश्रण मात्र साच्यांत गोठवून पुढच्या पंचासाठी बर्फ म्हणून वापरता येते, आणि असा बर्फ वितळला तरी पेय पातळ होत नाही.