पावसाच्या तोंडावर साग उघडा का पडतो?

वळवाचे पाऊस झाले की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरपासून लोंढा, नागरगाळीपर्यंतचा साग पालवतो. पुढं जूनच्या सुमारास एखाद्या वर्षी त्याच झाडांवर पानांच्या नुसत्या शिरा उरतात. "रोग पडला, झाडं गेली," असं लगेच बोललं जातं. झाडं गेलेली नसतात. हे काम 'हायब्लिया प्युएरा' या पतंगाच्या अळ्यांचं.

हा पतंग बसला की वाळक्या पानासारखा करडा-तपकिरी. पंख उघडले की मागच्या काळ्या पंखांवरचे नारिंगी पट्टे झळकतात.

मादी पाचशेच्या आसपास अंडी घालते, तीही कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूला, शिरांच्या कडेनं, एकेक सुटी. नुकत्याच निघालेल्या अळीला निबर पान चावत नाही, म्हणून पालवी फुटायची आणि अंडी घालायची वेळ जुळावी लागते. अळी थोडी मोठी झाली की पानाची कड कातरते, तो तुकडा दुमडून रेशमानं चिकटवते आणि त्या घडीत दडून खाते. घडी हळूच उलगडली तर आत काळपट अळी वळवळताना दिसते. अळ्या लाखोंनी असल्या की त्यांच्या लेंड्या पाचोळ्यावर रिमझिम पावसासारख्या वाजतात. सुमारे दोन आठवड्यांत त्या धाग्यावरून खाली उतरून पाचोळ्यात कोष करतात.

झाड पुन्हा पालवतं, पण फुकट नाही. केरळात निलांबूरच्या ४ ते ८ वर्षांच्या सागात मोजणी झाली, तेव्हा होऊ शकणाऱ्या लाकडाच्या वाढीपैकी ४४ टक्के वाढ या अळीमुळं बुडाल्याचं दिसलं. पावसाळा सरताना पानांची जाळी करणारा पतंग वेगळा. ती पानं गळायच्याच बेतात असतात, त्यामुळं त्याची एवढी धास्ती नको.

बांधावरच्या चार सागांसाठी औषध मारण्याच्या मी विरुद्ध आहे. उंच झाडाला ते नीट पोचत नाही, आणि अळ्या खाणारे किडे-पाखरं मात्र मरतात. या अळीला मारणारा एक विषाणू निसर्गातच आहे. केरळ वन संशोधन संस्थेनं त्याच्या फवारणीचे प्रयोगही केले आहेत. फांदीला मऊ पडलेल्या, काळ्या अळ्या लटकलेल्या दिसल्या तर त्या झाडू नका. त्या फुटल्या की विषाणू खालच्या पानांवर सांडतो आणि ती पानं खाणाऱ्या अळ्यांच्या पोटात जातो.